पहाऱ्याचा धर्म

नवें उभारणाऱ्याचा गौरव करण्यास मनुष्यजाति सहसा चुकत नाहीं. उभारलेलें राखणाऱ्याची आठवण मात्र तिला क्वचितच होते. पूल बांधून झाला कीं त्याच्या तोंडाशीं शिलालेख बसतो, समारंभ होतो, भाषणें होतात. पण त्याच पुलाचे खिळे दर पावसाळ्यापूर्वीं ठोकून पाहणाऱ्या मनुष्याचें नांव विचाराल, तर गांवांत कोणास सांगतां यावयाचें नाहीं. आपल्या पूर्वजांची दृष्टि याहून वेगळी होती. जीर्णोद्धाराचें पुण्य त्यांनीं नव्या बांधणीच्या पुण्याहून उणें मानलें नाहीं. आणि अहल्याबाई होळकरांचें नांव आज दोन शतकांनंतरही लोकांच्या तोंडीं आहे तें त्यांनीं बांधलेल्या नव्या देवळांइतकेंच, पडक्या देवळांच्या व खचलेल्या घाटांच्या त्यांनीं केलेल्या दुरुस्तीमुळें आहे. परंतु प्रस्तुत लेखांत आम्हांस जो प्रश्न विचारांत घ्यावयाचा आहे, तो याच्याही एक पायरी पुढचा आहे. देवळाची दुरुस्ती करणारा निदान देऊळ तरी वांचवितो. पण एखाद्या मरणोन्मुख वस्तूवर केवळ पहारा करणारें यंत्र जो दुरुस्त करीत राहतो, आणि ती वस्तु वांचविण्याचें सामर्थ्य ज्याच्या हातीं नाहीं, त्याच्या श्रमांना नैतिक मोल आहे काय? असल्यास तें कोणत्या प्रकारचें?

प्रश्न निव्वळ हवेंतला वाटूं नये म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. अमेरिकेच्या दक्षिण टोंकास, फ्लोरिडा प्रांताच्या खालीं, लहान लहान बेटांची एक माळ समुद्रांत उतरली आहे. तींतील इस्लामोराडा नांवाच्या गांवासमोर उथळ पाण्यांत पोवळ्यांचे खडक आहेत. त्यांस चीका रॉक्स असें म्हणतात. इ. स. २०११ च्या डिसेंबरांत अमेरिकन सरकारच्या सागर व वातावरण खात्यानें तेथें एक बोया नांगरून ठेविला. बंदराच्या तोंडाशीं गलबतांस वाट दाखविणारे बोये वाचकांनीं पाहिलेच असतील. हा दिसावयास त्यांचाच भाऊबंद. पण याचें काम वाट दाखविण्याचें नसून नाडी पाहण्याचें आहे. दर तीन तासांनीं तो पाण्यांतील व पाण्यावरील हवेंतील कार्बन डाय-ऑक्साइड वायु मोजतो, पाण्याचें उष्णतामान व खारटपणा नोंदतो, आणि हे आंकडे उपग्रहाच्या द्वारें किनाऱ्यावर पोंचवितो. या मोजणींतील एक बारकावा आम्हांस फार मननीय वाटला. समुद्राचा वायु मोजण्यापूर्वीं हें यंत्र प्रथम, ज्या हवेंत तो वायु मुळींच नाहीं ती हवा मोजून पाहतें. मग ज्यांतील त्याचें प्रमाण प्रयोगशाळेंत निश्चित केलेलें आहे असा नळकांड्यांत भरून दिलेला वायु मोजून पाहतें. आणि आपलें माप कितपत खरें आहे हें ठरल्यावरच समुद्राकडे वळतें. दुसऱ्याविषयीं कांहीं सांगण्यापूर्वीं स्वतःची परीक्षा करण्याचा हा नेम माणसांत किती विरळा आढळतो!

पोवळें म्हणजे दगड नव्हे. ती अत्यंत लहान जीवांची वसाहत आहे. या जीवांच्या शरीरांत सूक्ष्म वनस्पति राहतात, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करितात व त्यांतील मोठा वाटा आपल्या यजमानास देतात. पोवळ्याचा रंगही बहुतांशीं त्यांचाच. नेहमींच्या उन्हाळ्यांतील कमाल उष्णतामानाच्या वर पाणी एखादा अंश चढलें व तसेंच कांहीं आठवडे राहिलें, कीं हा जुना घरोबा मोडतो. वनस्पति बाहेर टाकल्या जातात आणि पोवळें पांढरें पडतें. तें तत्काळ मरतें असें नाहीं. पाणी वेळेवर निवालें तर तें सावरूं शकतें. न निवालें तर उपासमारीनें जातें. दुसरें दुखणें याहूनही मंद आहे. हवेंत वाढत चाललेला कार्बन डाय-ऑक्साइड समुद्रांत विरतो, त्यायोगें पाण्याची आम्लता वाढते, आणि पोवळ्यास आपलें चुन्याचें घर बांधणें दिवसेंदिवस जड जातें. हीं दुखणीं डोळ्यांस दिसूं लागतात तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो. म्हणूनच तेथें मापक ठेवावा लागतो.

आतां बोया एकदां नांगरला कीं तो आपला आपण चालत राहतो, अशी कोणाची समजूत असेल तर ती सोडून दिली पाहिजे. समुद्रासारखा नासाड्या दुसरा नाहीं. खारें पाणी पोलाद खातें. तें वांचावें म्हणून त्यास जस्ताचे ठोकळे जोडतात. गंज पोलादास सोडून प्रथम जस्ताला खातो, आणि तें जस्त झिजून संपण्यापूर्वीं नवें बसवावें लागतें. लाटेच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर सांखळीची कडी कडीवर घासते, आणि कालांतरानें ती जेथें घासते तेथें निम्मीच उरते. सूर्यप्रकाशावर वीज तयार करणाऱ्या तबकड्यांवर समुद्रपक्षी बसतात व त्यांची विष्ठा सूर्यालाच झांकून टाकते. एखाद्या रबरी वेष्टनास केसाएवढी चीर पडते आणि तेवढ्या वाटेनें आंत शिरलेलें पाणी सगळी बॅटरी निकामी करितें.

परंतु गंज हा कांहीं सर्वांत मोठा शत्रु नव्हे. सर्वांत मोठा शत्रु म्हणजे जीवन! उष्ण कटिबंधांतील समुद्रांत कोणतीही वस्तु बुडवून ठेवा. थोड्याच दिवसांत तिच्यावर बुळबुळीत थर येतो, थरावर शेवाळ धरतें, शेवाळामागून शिंपले व चुन्याच्या कवचाचे बारीक प्राणी येऊन चिकटतात, आणि त्यांच्या आश्रयास मासे जमतात. पोवळ्यांच्या खडकाची खबर ठेवण्यासाठीं आणलेला बोया स्वतःच एक लहानसा खडक होऊं लागतो. मग मापकाच्या तोंडाशीं जमलेल्या या वस्तीचा श्वासोच्छ्वास मापक मोजूं लागतो व तोच समुद्राचा म्हणून सांगतो. यंत्र बंद पडलेलें नसतें. आंकडे नियमानें येत असतात. फक्त ते हळूहळू खोटे होत असतात. म्हणून पाणबुड्या हातांत ब्रश व खरवडणी घेऊन खालीं उतरतो आणि ती वस्ती खरवडून काढतो. जीवसृष्टीच्या काळजीपोटीं जो येथवर आला, त्यालाच येथें जिवंत वस्तु उखडून टाकाव्या लागतात. आणि वरचेवर खरवडूनही भागत नाहीं. यंत्रें साधारणतः वर्षाकांठीं काढून त्यांच्या जागीं नवीं तपासलेलीं बसवावीं लागतात. काढलेला मापक प्रथम तसाच, न धुतां, प्रमाण मापकाशीं ताडून पाहतात; मग धुऊन पुन्हा ताडतात. दोहोंतील फरकावरून घाणीमुळें किती चूक झाली व यंत्राच्या स्वभावामुळें किती, हें वेगळें करतां येतें. नांगर टाकावयाचा तोही पोवळ्यांच्या मधल्या वाळूंत. नाहींतर ज्यांच्या प्रकृतीची चौकशी करावयाची त्यांनाच सांखळीच्या फटक्यानें ठेंचून काढल्यासारखें होईल. पहारा करणाराकडून ज्याच्यावर पहारा करावयाचा त्यालाच इजा होऊं नये, हा या धंद्यांतील पहिला धडा आहे.

इतकी दगदग कशासाठीं, हा प्रश्न इ. स. २०२३ च्या उन्हाळ्यानें फार तीव्र रूपानें उभा केला. त्या वर्षीं फ्लोरिडाच्या समुद्रांत उष्णतेची विलक्षण लाट आली. जुलैच्या २० तारखेस, पोवळ्यांची रोपें लावून खडक पुन्हा वसविण्याचा उद्योग करणारे कार्यकर्ते सोम्ब्रेरो नांवाच्या खडकावर गेले, तों तेथील पोवळीं सर्वच्या सर्व मेलेलीं आढळलीं. चीका रॉक्सवर महिनाअखेर पाहणी झाली; तेथें दृष्टीस पडणारें पोवळें अन् पोवळें पांढरें पडलें होतें. ज्या पोवळ्यांच्या फांद्या हरणाच्या व सांबराच्या शिंगांसारख्या असतात, त्या दोन जाति फ्लोरिडाच्या खडकांवरून कार्यतः नाहींशा झाल्या असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनीं इ. स. २०२५ मध्यें प्रसिद्ध केला.

या चित्रापुढें उभा राहून आक्षेपक विचारतो: तुमचा बोया त्या वेळीं काय करीत होता? तो मोजीत होता. पाण्याचें उष्णतामान त्याच्या मोजण्यानें तसूभरही उतरलें नाहीं. दुरुस्तीसाठीं खालीं उतरणाऱ्या पाणबुड्याच्या चहूंकडे मरणासन्न पोवळीं आहेत, आणि त्याच्या हातांतील साधनें आहेत तीं मात्र यंत्रासाठीं. वैद्य निघून गेला, औषध संपलें, आणि एक कारकून तेवढा रोग्याच्या उशाशीं बसून ताप लिहून घेत आहे! याला सेवा म्हणावयाचें कीं क्रूरता?

आक्षेप हलका नाहीं, आणि त्याला लगबगीनें दिलेलें उत्तरही पुरें पडणारें नाहीं. लगबगीचें उत्तर उपयुक्ततेचें आहे. त्या जुलैंत समुद्रांतील रोपवाटिकांतून हजारों पोवळीं उचलून जमिनीवरील हौदांत नेण्यांत आलीं, व तीं नेण्याची घाई करावयास पाण्याच्या उष्णतामानाचेच आंकडे कारण झाले. उपग्रह आकाशांतून समुद्राचा पृष्ठभाग किती तापला हें सांगतात. पण त्यांच्या सांगण्याची शहानिशा पाण्यांतील बोयांच्या नोंदीवरच करावी लागते. आणि या सर्व नोंदींवरून जगांतील प्रवाळखडकांस जो धोक्याचा इशारा देण्यांत येतो, त्याच्या पायऱ्या पूर्वीं दोनच होत्या, इ. स. २०२३ च्या अखेरीस त्या अपुऱ्या पडून पांच कराव्या लागल्या. माप घेणारे होते म्हणूनच मापपट्टी तोकडी पडली हें कळलें. हें सर्व खरें आहे. तरी आम्ही प्रामाणिकपणें कबूल करितों कीं एवढ्यानें आमचें समाधान होत नाहीं. हौदांत नेलेलीं पोवळीं मूठभर, मेलेलीं असंख्य. पहाऱ्याचें मोल केवळ वांचलेल्यांच्या संख्येवर ठरवावयाचें असेल, तर हिशेब तोट्याचाच निघेल. उत्तर अधिक खोल गेलें पाहिजे.

तें शोधण्यासाठीं पहारा सुटला असतां काय घडतें हें पाहूं. हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनीं इ. स. १९५८ च्या मार्चमध्यें हवेंतील कार्बन डाय-ऑक्साइडची अखंड मोजणी आरंभिली. आज तींतून निघालेली चढती रेषा शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे. पण त्या रेषेंत इ. स. १९६४ च्या पूर्वार्धांत कांहीं महिन्यांचा खंड आहे. तेथें भूकंप झाला नव्हता कीं वादळही झालें नव्हतें. पैशांत कपात झाली होती एवढेंच. पुढें पैसे मिळाले व मोजणी पुन्हा सुरू झाली. पण ते महिने कांहीं परत आले नाहींत. दुसरें उदाहरण पॅसिफिक महासागराचें. इ. स. १९८२-८३ चा प्रचंड एल निनो बराच वाढीस लागेपर्यंत शास्त्रज्ञांस नीट ओळखतां आला नाहीं. त्या धड्यावरून इ. स. १९८५ ते १९९४ या काळांत विषुववृत्ताच्या बाजूबाजूनें सुमारें सत्तर बोयांची रांग उभारण्यांत आली. उभारणीचें कौतुक झालें. पुढें इ. स. २०१२ मध्यें खर्च वांचविण्यासाठीं या बोयांची देखभाल करणारें जहाज कामावरून काढून घेतलें. बोये एकाएकीं बुडाले नाहींत. एकेक मापक मुका होत गेला, आणि इ. स. २०१४ च्या आरंभीं अपेक्षित नोंदींपैकीं सुमारें चाळीस टक्केच हातीं येत होत्या. पुढें तजवीज होऊन ती रांग सावरली. प्रवाळखडकांना मारणारी उष्णता बहुधा एल निनोच्याच पाठीवरून येते. आमच्या लक्षद्वीपांतील पोवळीं इ. स. १९९८, २०१० व २०१६ या तिन्ही वर्षीं पांढरीं पडलीं तीं अशाच उष्णतेनें. म्हणजे जी खूण आगाऊ ओळखावयाची, तीच पाहणारे डोळे आपण होऊन मिटून घेतले होते.

या दोन उदाहरणांत आमच्या प्रश्नाचें पहिलें खरें उत्तर आहे. इतर बहुतेक दुरुस्त्या उशिरां केल्या तरी होतात. गळकें छप्पर यंदा न शाकारलें तर पुढच्या वर्षीं शाकारतां येतें. खर्च वाढेल एवढेंच. पण कालच्या समुद्राचें उष्णतामान उद्यां मोजतां येत नाहीं. त्या एका दिवसासंबंधाची साक्ष देण्याची संधि जगाच्या इतिहासांत एकदांच येते, आणि त्या दिवशीं जो तेथें हजर नव्हता त्याच्या जागीं मागाहून कोणी, कितीही बुद्धिमान् असला तरी, उभा राहूं शकत नाहीं. आपल्यामागून येणाऱ्यांनीं आम्हांपेक्षां चांगलीं यंत्रें केलीं तरी त्यांना आमच्या काळाची साक्ष आम्हांकडूनच घ्यावी लागेल. तेव्हां दुरुस्ती करणारा बोया वांचवितो असें म्हणण्यापेक्षां, तो न जन्मलेल्या पिढीचा एक दिवस वांचवितो असें म्हणणें अधिक यथार्थ होय.

दुसरें उत्तर सत्याविषयींचें आहे, आणि तें देण्यासाठीं आम्हांस एक स्वतःची लाजिरवाणी गोष्ट सांगणें भाग आहे. आमचे आजोबा कोंकणांतील आमच्या घरीं पावसाची नोंद ठेवीत. अंगणांत पर्जन्यमापक असे. रोज सकाळीं ठरल्या वेळीं ते पाणी मोजीत व वहींत लिहीत. आजारपणांतही त्यांनीं हा नेम मोडल्याचें आम्हांस आठवत नाहीं. त्यांच्या पश्चात् वही आमच्याकडे आली. एका जुलैंत आम्ही तीन दिवस परगांवीं राहिलों व कोणास सांगून जाण्याचें विसरलों. परत आलों तों मापक भरून वाहून गेलेला. वहींत तीन कोरीं घरें पाहून आम्हांस आजोबांपुढें उभें राहिल्यासारखें वाटलें, आणि त्या शरमेंतून सुटण्यासाठीं आम्हीं शेजारच्या तालुक्याच्या आंकड्यांवरून अंदाज करून तीं घरें भरून टाकलीं. पुष्कळ वर्षांनीं शेतकीचा एक विद्यार्थी ती वही पाहण्यास आला. मोठ्या पावसाचे दिवस तो निवडीत होता. त्यानें आनंदानें जो आंकडा प्रथम उतरून घेतला तो त्या तीन खोट्यांपैकींच एक होता. त्या दिवशीं आम्ही गप्प बसलों. रात्रभर झोंप आली नाहीं. सकाळीं पत्र लिहून खरें काय तें कळविलें. त्याचें उत्तर सभ्य होतें, पण त्यांत एक प्रश्न होता: "आपल्या आजोबांच्या पानांतही असें कांहीं नसेल, हें मी कशावरून समजावें?" त्यानें ती वही वापरली नाहीं, व तें योग्यच होतें. तीन दिवसांच्या खोटेपणानें एका प्रामाणिक मनुष्याची तीस वर्षांची तपश्चर्या निकालांत निघाली होती.

तेव्हांपासून आम्हांस कोऱ्या घराविषयीं आदर वाटूं लागला आहे. कोरें घर म्हणजे चुकलेल्या कर्तव्याची कबुली होय, पण ती खरी कबुली होय. भरलेलें खोटें घर कर्तव्य चुकल्याचेंही नाकारतें. शेवाळानें तोंड भरलेला मापक हा आमच्यासारखाच आहे: तो थांबत नाहीं, कांहींतरी सांगत राहतो. म्हणून बोया दुरुस्त करणाऱ्याचा मुख्य गुण हस्तकौशल्य नव्हे. आपल्याच यंत्रावर अविश्वास ठेवण्याचें धैर्य हा होय. याच्या नमुन्यासाठीं परदेशीं जावयास नको. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत इ. स. १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें, तेव्हां त्यांच्या विद्युत्प्रवाहानें ही नोंद बिघडेल हें ओळखून वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांच्या देखरेखीखालीं अलिबागेस लोखंडाचा स्पर्शही नसलेली नवी इमारत बांधण्यांत आली. पण जुनी जागा बंद करून नवी सुरू केली असें त्यांनीं केलें नाहीं. इ. स. १९०४ ते १९०६ अशीं दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेऊन दोहोंतील अंतर निश्चित केलें, व मगच कुलाब्याचें काम थांबविलें. म्हणूनच ती नोंद तुटली नाहीं. जुन्या साक्षीदारानें नव्याचा हात धरून त्याला आपल्या जागीं बसवावें, तसा हा प्रकार आहे.

साक्ष देणें वाटतें तितकें सोपेंही नाहीं. इ. स. २०२३ च्या त्याच जुलैंत, २४ तारखेस, फ्लोरिडाच्या मॅनटी उपसागरांतील एका मापकानें पाण्याचें उष्णतामान ३८.४ अंश सेल्सिअस नोंदलें. जगभर गाजावाजा झाला. हा समुद्राचा उच्चांक होय असें कित्येकांनीं म्हटलें. जाणत्यांनीं मात्र हात आंखडला. तें पाणी उथळ, गढूळ व जवळजवळ कोंडलेलें. तेथील आंकडा खरा असला तरी तो मोकळ्या समुद्राचा म्हणतां येत नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. आपल्या पक्षास सोयीचा असलेला आंकडा हातीं आला असतां त्याच्या मर्यादा स्वतःहून सांगणें, ही सत्यनिष्ठेची खरी कसोटी आहे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय हा विचार न्याय्य होणार नाहीं. बोयांना गंज व शेवाळ जितकें छळतात तितकींच माणसेंही छळतात. पॅसिफिकांत काय आणि आमच्या अरबी समुद्रांत व बंगालच्या उपसागरांत काय, जेथें इ. स. १९९६ पासून चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था बोये ठेवीत आली आहे, सर्वत्र हीच तक्रार. बोयाखालीं मासे जमतात. म्हणून मच्छीमार त्याला होडी बांधतात, जाळीं त्याच्या दोरांत गुंततात, तीं सोडवितांना दोर कापले जातात, कधीं तबकड्या व बॅटऱ्या नाहींशा होतात. यावर रागावणें सोपें आहे. परंतु वादळाची आगाऊ सूचना ज्याच्यासाठीं मुख्यतः काढावयाची त्याच मच्छीमाराला हा पिंवळा गोळा आपला आहे असें कधीं कोणी समजावून सांगितलें काय? जो पहारा आपल्यासाठीं आहे हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याला तो आपल्यावरच आहे असें वाटल्यास नवल नाहीं. दुरुस्तीच्या सामानांत ब्रश, कडी व जस्त यांच्या जोडीला किनाऱ्यावरच्या चार गोष्टी बोलण्याचाही समावेश व्हावयास पाहिजे.

येथवर पहाऱ्याची बाजू मांडली. आतां त्याचा धोका सांगतों. नोंद ठेवणें हें कर्तव्य आहे. पण तें सबबही होऊं शकतें. 'आम्ही लक्ष ठेवून आहोंत' हें वाक्य राज्यकर्त्यांच्या तोंडीं पुष्कळदां 'आम्ही कांहीं करणार नाहीं' या अर्थानें येतें. समुद्र तापविणारा धूर आपण सर्व मिळून सोडीत राहावयाचें, आणि तो किती तापला हें मोजण्यास एक बोया नांगरून निश्चिंत व्हावयाचें, हा ढोंगीपणा आहे. मग आक्षेपकाचें म्हणणें खरें ठरलें काय? आमच्या मतें नाहीं. कारण त्यानें दोष चुकीच्या मनुष्यावर ठेविला. रात्रीं गस्त घालणाऱ्यानें आग पाहून हांक मारली व गांवकरी कूस बदलून निजले, तर अपराध हांक मारणाऱ्याचा नव्हे. पहारेकऱ्याचा धर्म हांकेपाशीं संपतो; ऐकणाऱ्याचा धर्म तेथून सुरू होतो. आणि म्हणूनच ती हांक खरी, वेळेवर व अखंड असली पाहिजे. ती तशी असली म्हणजे 'आम्हांस माहीत नव्हतें' ही जगांतील सर्वांत जुनी पळवाट बंद होते. मरणाऱ्याच्या उशाशीं बसून ताप लिहिणारा कारकून निष्ठुर नव्हे. घरांतील बाकीचीं माणसें तो कागद वाचीत नाहींत, निष्ठुरता असलीच तर ती त्यांची.

आमच्या किनाऱ्यापासूनही पोवळीं दूर नाहींत. मालवणास सिंधुदुर्गाच्या आसपास तीं आहेत; विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें शंभर किलोमीटरवर समुद्राखालीं आंग्र्यांच्या नांवानें ओळखली जाणारी पोवळ्यांची मोठी पठारभूमि आहे. ज्या घराण्यानें या समुद्रावर एके काळीं पहारा केला, त्याचें नांव तिला असावें हा योगायोग आहे. त्या पोवळ्यांची नाडी पाहण्याची पाळी उद्यां आमच्यांतील कोणावर येईल, तेव्हां त्याला बहुधा मानपत्र मिळणार नाहीं. तो वर्षाकांठीं जाईल, जस्त बदलील, शेवाळ खरवडील, जुन्या मापकाशीं नवा ताडून पाहील, आणि जेथें आंकडा मिळाला नाहीं तेथें घर कोरें ठेवील. आमच्या घरच्या वहींत आम्ही अद्यापि रोज सकाळीं पाऊस लिहितों. त्या तीन खोट्या आंकड्यांवर आम्हीं तांबड्या शाईनें रेघ ओढली आहे, आणि पुढच्या पानांत, आजारामुळें, प्रवासामुळें, कधीं आळसामुळेंही, मधून मधून कोरीं घरें आहेत. तीं पाहून आम्हांस दुःख होतें; पण वही आतां कोणाच्याही हातीं देण्यास आम्ही भीत नाहीं.